नागिणीनंतरचा हात

सुपारी कटकन फुटली आणि पुंडलिकराव दचकले. अडकित्ता त्यांच्या उजव्या हातात होता. तो त्या हातात कधी आला हे त्यांना सांगता आलं नसतं. पानाचा डबा पुढ्यात ओढला, पान मांडीवर पुसलं, चुन्याचं बोट फिरवलं, आणि मग घरात रिकामा बसलेला कुणीही माणूस जे करील तेच त्यांनी केलं. सुपारी पात्यात धरली आणि दाबली. गेले पाच महिने हे काम देवका, त्यांची बायको, करत होती. सकाळी दुकानाच्या फळ्या काढण्याआधी ती चार सुपाऱ्या कातरून डबीत ठेवायची. आज डबीत नुसती भुकटी उरली होती. पडद्यापलीकडे दुकानात तिचं बोलणं चाललं होतं, आंजीहून आलेल्या दोघी सासवा-सुनांशी, आणि ते थांबलं नाही. म्हणजे तिनं ऐकलं नसावं. पुंडलिकरावांनी सुपारीची दोन्ही खांडं उचलून पैरणीच्या खिशात टाकली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुपारीची चोरी. मग अडकित्ता पुन्हा धरला, नुसताच, आणि मूठ आवळून पाहिली. करंगळी आली. तिच्या शेजारचं बोटही आलं. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडला होता तिथे काहीतरी भरीव उठलं आणि बसलं. त्यांनी अडकित्ता डब्यात ठेवून झाकण लावलं. आनंद व्हायला हवा होता. कार्तिकापासून चैत्रापर्यंत याच घटकेची वाट पाहिली होती, आणि ती आली तेव्हा त्यांना भीती वाटली. हात बरा झाला, म्हणजे आता दुपारी देवका तेलाची वाटी घेऊन समोर बसणार नाही. एवढीच गोष्ट होती, आणि एवढ्या गोष्टीला घाबरण्याइतके आपण लहान आहोत हे पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पुंडलिकराव कासार. वर्धेच्या बाजारातल्या बोळीत त्यांच्या बापाने मांडलेली गादी ते तीस वर्षं चालवत होते. तीस वर्षांत किती हात दाबले याची गणती नाही. अर्ध्या तालुक्याच्या बायका त्यांना चेहऱ्याने ओळखू येत नसत. हात पुढे आला की ओळख पटे. हा निंदणाचा हात, बोटांच्या पेरांना भेगा. हा वकीलणीचा, मऊ पण आखडू, बांगडी दिसली की ताठ होणारा. हा पोर गेलेलीचा, कसाही वळवा, वळतो. बांगडी भरणं म्हणजे जोर नाही, असं त्यांचा बाप म्हणायचा, आणि तरी जोर लागतोच; अंगठ्याखालचा उंचवटा तळहातात ढकलून धरायचा, चार बोटं एकात एक मिटवायची, आणि हात जेवढा लहान होऊ शकतो तेवढा करून ठेवायचा, क्षणभर, फार तर दोन क्षण. तेवढ्यात डाव्या हाताने बांगडी पेरांवरून पलीकडे. त्या दोन क्षणांत बाईचं लक्ष हातावर असता कामा नये. म्हणून बोलायचं. "माहेर कोन्तं बाई?" "यंदा पऱ्हाटी कशी हाये तुमच्याकडं?" ती उत्तर देऊ लागली की हात सैल पडतो, आणि बांगडी गेलेली असते. हात दुखला असं पुंडलिकरावांच्या गादीवर सहसा कुणी म्हणालं नाही. परक्या पुरुषाचा हात बाईने असा धरू द्यावा तो या एका ठिकाणी, कारण गादीवर बसलेला कासार बापाच्या जागी असतो. बांगड्या भरून झाल्या की बाया त्याला वाकून नमस्कार करतात. आणि बापाच्या जागी बसलेल्या माणसाने स्वतःच्या बायकोचा हात गादीवर घ्यायचा नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. देवकाला बांगड्या भरल्या त्या सासूने. सासू गेल्यावर देवका आपल्या आपण भरायची, साबणाच्या पाण्यात हात बुडवून, मागच्या अंगणात. सत्तावीस वर्षांच्या संसारात पुंडलिकरावांना वर्धेतल्या सगळ्या हातांची माहिती होती, तेवढा हा एक सोडून. हे त्यांच्या ध्यानातही कधी आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते नागिणीमुळे. दिवाळी होऊन गेली होती. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यावर बोळीत रोज वाद झडत होते, आणि पुंडलिकरावांच्या उजव्या काखेत आग पडली होती. दिसायला काही नाही. दोन दिवस ते गादीवर हात अंगापासून दूर धरून बसले. पैरणीचं कापड लागलं तरी जीव कळवळायचा. तिसऱ्या दिवशी काखेपासून दंडाच्या आतल्या बाजूने, कोपरावरून, थेट करंगळीपर्यंत पाण्याच्या फोडांची ओळ उठली. देवकाने पाहिलं आणि शेजारच्या चिंधू लोहाराला आंजीला पाठवलं. आंजीचा डोमाजी नागिणीवर गेरू द्यायचा. तो आला, फोडांकडे वाकून पाहिलं, आणि "वेळेवर बलावलं," एवढं म्हणून त्याने वर दंडाला आणि खाली मनगटाला गेरूची जाड रेघ ओढली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस हाती लागत नाही. ती हाताभोवती वळू नये म्हणून ही कुंपणं. पुंडलिकरावांना तेव्हा, तापातसुद्धा, हसू आलं होतं. जन्मभर बायांच्या मनगटाला गोल बांगड्या घातल्या, आता आपल्या हाताला एक गोल व्हायला निघाला आहे आणि तो होऊ द्यायचा नाही. डोमाजीने पथ्य सांगितलं: घरात फोडणी नाही, तळण नाही, आणि एकवीस दिवस कुण्या सवाष्णीचा हात धरायचा नाही. फोडणीविना वरण खाऊन पुंडलिकराव जिवाला विटले. शेजारून मोहरी तडतडल्याचा वास आला की ते डोळे मिटून घ्यायचे, आणि देवका म्हणायची, "नागीन बरी, पन तुमची जीभ नाई बरी." फोड वाळले, खपल्या पडल्या, रेघ जुळली नाही. एकविसाव्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि गादीवर जाऊन बसले. बाईच्या हाताला इतके दिवस दूर ठेवणारं दुखणं गेलं, असं ते धरून चालले.

पहिलीच बाई होती स्टेशनच्या बाबूची बायको. तिचा हात त्यांनी कितीदा तरी दाबला होता. पहिली बांगडी पेरावर पिचली. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणायचं असतं; तसं ते म्हणाले, दुसरी घेतली. तीही गेली. तिसरीने बाईच्या अंगठ्याला ओरखडा काढला आणि बाईने हात ओढून घेतला. सवाष्णीच्या हातावर लागोपाठ तीन. तिचा चेहरा उतरला. पुंडलिकराव म्हणाले, माल कच्चा आला आहे, भट्टीच नीट झालेली नाही. हे म्हणताना त्यांना ते पूर्ण खरं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत आणखी दहा-बारा पिचल्या आणि त्यांचा राग वाढत गेला. दुसऱ्या दिवशी ते दोन पेट्या टांग्यात घालून हिरालालच्या वखारीवर गेले. हिरालाल फिरोजाबादचा माल उतरवायचा, सरळ माणूस. त्याने पेटीतली एक बांगडी काढून दगडी ओट्यावर टाकली. ती नाचली आणि नुसतीच लोळत राहिली. दुसरी टाकली, तीही. "पुंडलिकराव, मालमें तो कुछ खराबी नहीं है," हिरालाल म्हणाला, आणि त्याचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. पेटीची दोरी त्यांनी डाव्या हाताने धरली होती. उजवा नुसताच वर ठेवलेला. घरी आल्यावर देवकाने त्याच पेटीतून एक डझन काढल्या, शेजारच्या लोहारणीला हाक मारली, तिला पाटावर बसवलं आणि सगळ्या भरल्या. एकही वाढली नाही. पुंडलिकराव पडद्याला टेकून पाहत होते. लोहारीण गेल्यावर देवकाने विचारलं, "मूठ करून दाखवा पाह्यू." त्यांनी केली. बाकीची बोटं अर्ध्यात येऊन थांबली आणि करंगळी आपल्या जागी उभीच राहिली.

प्रभाकरराव डॉक्टर नागपूरला शिकून आलेले, तरुण, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारे. त्यांनी दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले, टाचणीने टोचून पाहिलं, आपली दोन बोटं पुंडलिकरावांच्या मुठीत दिली आणि दाबायला सांगितलं. मग म्हणाले, "फोड वाळले म्हणजे आजार गेला असं नसतं. लहानपणी कांजिण्या आल्या असतील तुम्हाला. त्यांचंच विष नसेच्या मुळाशी दडून बसतं म्हणतात, आणि उतारवयात उठतं. ते नसेला खाऊन गेलंय. म्हणून आग होते, आणि म्हणून जोर गेलाय." पुंडलिकरावांनी विचारलं, येईल का? "बहुतेकांचा येतो. सहा महिने, वर्ष. नस फार सावकाश वाढते, मुंगीसुद्धा तिच्यापुढे घोडा. पण हात तसाच ठेवलात तर सांधे धरतील, आणि मग नस येऊनही काही उपयोग नाही." आठवड्याला एक सुई दिली, आग शमायला गोळ्या दिल्या, आणि बाकीचं सगळं त्यांनी पुंडलिकरावांना सोडून देवकाला सांगितलं. आधी सरकीविना पिंजलेला कापूस घेऊन हात वरपासून खालपर्यंत हलकेच पुसायचा, रोज, जिथे आग होते तिथेच. आठ दिवसांनी मऊ धोतराचं फडकं. मग तळहात. त्वचेला पुन्हा शिकवायचं की शिवणारा शत्रू नाही. मग कोमट तेल, आणि एकेक बोट, एकेक सांधा मिटवायचा-उघडायचा, वीस-वीस वेळा. आणि हातात जोर येऊ लागला की कणीक मळायला द्यायची. "कनीक?" देवका म्हणाली. डॉक्टर म्हणाले, ज्वारीची असेल तर फारच छान.

कापसाचे ते पहिले दिवस पुंडलिकरावांना अजून आठवत. घरात पऱ्हाटीचा कापूस काय, वर्धेत तो धुळीसारखा. पण त्याच्या स्पर्शाने पोलादी किसणी फिरल्यासारखं होईल हे कुणाला ठाऊक होतं? पहिल्या दिवशी ते ओरडले. देवकाने हात थांबवला, पण उचलला नाही. "डाक्टरनं थांबा नाई म्हनलं," ती म्हणाली, आणि पुन्हा फिरवला. दुकान बारा वाजता बंद व्हायचं. जेवण झालं की देवका पुढच्या दारावर पोतं ओढायची, मागच्या खोलीत थंड फरशीवर बसायची, त्यांचा हात आपल्या मांडीवर घ्यायची. महिनाभर नुसती आग. मग केव्हातरी, पौषात, फडक्याच्या जागी तिचा तळहात आला. त्या दिवशी आग होती पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. ओलसर, खरखरीत, ओळखीचं नसलेलं. देवकाचा हात. त्यांनी धंद्याच्या सवयीने तो वाचायला घेतला आणि त्यांना काही वाचता येईना. तळहाताच्या मधोमध एक बारीक, पांढरी, आडवी खूण होती. "हे काय लागलंतं?" त्यांनी विचारलं. देवका बोट मिटवत, उघडत, मोजत होती. विसापर्यंत मोजून झाल्यावर म्हणाली, "लग्नातलं हाये." मांडवात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, चुड्यातली एक बांगडी पिचली होती. अपशकुन झाला म्हणून कल्ला होईल, कासाराच्या घरात सून येताना बांगडी फुटली म्हणून आयुष्यभर बोलतील. म्हणून तिने ते तुकडे मुठीत धरले आणि सप्तपदी होईपर्यंत मूठ सोडली नाही. रक्त शालूला पुसलं. "कोनालेच नाई समजलं," ती म्हणाली, आणि पुढचं बोट घेतलं. सत्तावीस वर्षं. पुंडलिकरावांना वाटलं, आपण तो हात एकदा जरी गादीवर घेतला असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

मग ती रोज काहीतरी सांगू लागली. बोटं मोजताना मधेच. जाम गावच्या चौफुलीवर तिच्या बापाचं बांगड्यांचं दुकान होतं, हे त्यांना माहीत होतं; पण बाप बाजाराला जाताना ती पेटी डोक्यावर घेऊन मागून चालायची, आणि पेटी हलली की बांगड्या वाजायच्या म्हणून चालण्याचा एक ताल तिला सापडला होता, पेटी न वाजणारा, हे माहीत नव्हतं. ती अजूनही तशीच चालते हेही मग ध्यानात आलं. पुलगावला दिलेल्या मुलीच्या बाळंतपणात आपण तीन दिवस जेवलो नव्हतो, हे तिने सांगितलं. सासूवर आपला जीव होता, हेही सांगितलं, ज्याची त्यांना कधी शंकासुद्धा आली नव्हती. ते ऐकत. बायकांना बोलतं करण्यात ज्याचा जन्म गेला त्याला इथे काहीच करावं लागत नव्हतं. त्यांना वाटे, सुख म्हणजे फार मोठं काही नसावं. पोत्यातून गाळलेला उजेड, लसणाची पाकळी टाकून कढवलेल्या तिळाच्या तेलाचा वास, आणि आपला निकामी हात दुसऱ्याच्या मांडीवर. सकाळी ती गादीवर बसे आणि हे स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळत. आधी पिठात नुसती बोटं बुडत. हळूहळू गोळा होऊ लागला. देवका भाकर थापताना म्हणायची, "आज बऱ्या मळल्या, कडा कमी फाटल्या," आणि त्यांना शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं व्हायचं. बोळीतले लोक कीव करत. प्रभाकरराव सोडून कुणाला खरं वाटलं नसतं की पुंडलिकराव कासार आयुष्यात कधी नव्हता इतका मजेत आहे.

आणि आता सुपारी फुटली होती. त्या दुपारी देवका तेल घेऊन बसली तेव्हा त्यांनी हात सोडून दिला, मेल्यासारखा. हे सोपं नव्हतं. बोट मिटवलं की आतून जोर आपसूक येई आणि तो परत ओढून घ्यावा लागे. हात खोटं बोलत नाही, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं, आणि आता त्याच हाताला ते खोटं बोलायला लावत होते. दुसऱ्या दिवशी पीठ मुद्दाम कच्चं मळलं. भाकरी फाटल्या. देवकाने त्या तशाच ताटात वाढल्या. आठवड्याची सुई घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी बोटं मुठीत दिली, आणि पुंडलिकरावांनी ती अगदी हलके धरली, पाखरू धरावं तशी. प्रभाकररावांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, जरा जास्त वेळ. "चोळणं चालू ठेवा," म्हणाले. असे अकरा दिवस गेले. रोज सकाळी ठरवत की आज सांगू. रोज दुपारी तिची मांडी, तेल, मोजणं, आणि जामच्या एखाद्या गोष्टीचा उरलेला तुकडा. त्यांना काय हवं होतं ते त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. ते मागायचं कसं, हे मात्र त्यांच्या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. दुखत असेल तर हात द्यायचा. न दुखणारा हात बायकोच्या मांडीवर ठेवायला काय कारण सांगणार?

त्याच दिवसांत शोभाबाई आल्या. त्यांच्या रुखमाचं लग्न वैशाखात होतं. शोभाबाईंचा चुडा भरला होता तो पुंडलिकरावांनीच, गादीवर बसायला लागल्यावरचा पहिला. पडद्याआड त्यांना ऐकू येत होतं. "पोरीचाबी त्याइच्याच हातचा पाह्यजे होता वो," शोभाबाई म्हणत होत्या. देवका म्हणाली, "हात नाई आला अजून त्याइचा. मी भरतो ना. गुरुवारी आना पोरीले." पुंडलिकरावांनी मुठीतलं पीठ सोडून दिलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. देवकाने विचारलं, आग व्हते का? ते म्हणाले, थोडी. हे खोटंही देवकाने ऐकून घेतलं.

गुरुवारी दुकान बायांनी भरलं. रुखमा पाटावर बसली. पडद्याच्या फटीतून पुंडलिकरावांनी आधी तिचा हात पाहिला, मग ती पाहिली. हात बापासारखा, रुंद, कापसाच्या वेचणीचा, पेरं अक्रोडासारखी. असा हात दाबायला अंगठ्यात बळ लागतं. देवकाने डाव्या हातात हिरवी बांगडी घेतली, उजव्याने रुखमाची बोटं मिटवली. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला देवकाच्या उजव्या हाताची पकड ढिली पडली. फार नाही, दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण पुंडलिकरावांनी तीस वर्षं हात पाहण्याशिवाय काही केलेलं नव्हतं. तिने मनगट एकदा झटकलं, पुन्हा धरलं. मनगट अंगठ्याच्या बाजूला सुजलेलं होतं. ते आजचं नव्हतं. महिन्याचं असेल, दोन महिन्यांचं. सकाळभर गादी आणि दुपारभर त्यांची बोटं, वीस-वीस वेळा. आणि हे त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्या दुपारी ते डोळे मिटून सुखात असत. चौथी बांगडी पेरावर येऊन अडली. पुढे जाईना, मागे येईना. शोभाबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरीच्या हातावर बांगडी पिचणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि देवकाला सगळ्यांत जास्त. तिच्या कपाळावर घाम होता. आपण उठलो तर तेलाच्या दुपारी संपल्या, हे पुंडलिकरावांच्या मनात आलं आणि लगेच स्वतःची किळस आली. ते पडदा सारून बाहेर आले. हाताला पीठ होतं, ते धोतराला पुसलं.

"सर जराशी," ते म्हणाले. देवका सरकली. त्यांनी रुखमाचा हात घेतला. अडलेली बांगडी आधी मागे घेतली, न दुखवता. "पोरी, देल्लं कोन्त्या गावी तुले?" ते म्हणाले. रुखमा लाजली, मग बोलली. वायगावला. "मंग तं हळदीचा गाव. सासू कशी हाये, पाह्यली का?" "पाह्यली." "कशी?" "उंच हाये." बाया हसल्या, रुखमाही हसली, आणि पुंडलिकरावांचा अंगठा तिच्या तळहातात खोल गेला आणि तिथे थांबला, क्षणभर, दोन क्षण, जसा थांबायला हवा होता तसा. बांगडी पलीकडे गेली. मग पाचवी, सहावी. एका हातात अकरा, दुसऱ्या हातात दहा. शेवटच्या दोन-तीन बांगड्यांना करंगळीच्या बाजूने कळ आली, ती त्यांनी गिळली. एकही वाढली नाही. शोभाबाईंचे डोळे भरले. रुखमा उठून वाकली, तिने पायांवर डोकं ठेवलं, आणि सगळ्या बाया एकदम बोलू लागल्या. हात आला म्हणून, देवीच पावली म्हणून, पोरगीच पायगुणाची म्हणून. पुंडलिकरावांनी देवकाकडे पाहिलं नाही. ती बांगड्यांच्या माळा खुंटीला परत अडकवत होती, डाव्या हाताने.

बारा वाजता दुकान बंद झालं. जेवण झालं. भाकरी फाटलेल्या होत्या, कारण पीठ सकाळी अर्धंच मळलं होतं. देवकाने भांडी घासली, पुढच्या दारावर पोतं ओढलं, आणि मागच्या खोलीत येऊन फरशीवर भिंतीला टेकून बसली. तेल आणलं नाही. पुंडलिकराव आपल्या जागी बसले होते. त्यांनी सवयीने बाही वर केली होती, ती हळूच खाली घेतली. दोघांच्या मधली रिकामी फरशी त्यांना फार मोठी वाटली. बाहेर बोळीत कुणीतरी घागरी नेत होतं. थोड्या वेळाने ते उठले, चुलीपाशी गेले, वाटीत तेल घेतलं, निखाऱ्यावर धरलं. लसूण सापडला नाही. वाटी घेऊन ते आले आणि देवकाच्या समोर मांडी घालून बसले.

"हात दे," ते म्हणाले.

"कोनाचा, माहा? माह्या हाताले काय झालं?"

"सुजला हाये. म्या पाह्यलं आज."

तिने हात पदराखाली घेतला होता, तो काढायला वेळ लावला. त्यांनी तो आपल्या मांडीवर ठेवला. जड हात, गरम. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तसा तिने श्वास आत ओढला. त्यांनी दाब हलका केला. तेल लावलं, मनगटावरून कोपराकडे, पुन्हा खाली. त्यांना काही बोलावं असं वाटलं आणि तोंडात एकच गोष्ट होती.

"अकरा दिस झाले माह्या हाताले जोर येऊन," ते म्हणाले. "म्या सांगतलं नाई."

देवकाने त्यांच्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती त्यांच्या बोटांकडे पाहत होती, तेलाने चकाकणाऱ्या, नीट मिटणाऱ्या.

"माहा हात संक्रांतीपासून दुखून राह्यला," ती म्हणाली. "म्याबी नाई सांगतलं."

"काऊन?"

"सांगतलं असतं तं तुमी हात देल्ला नसता मले."

पुंडलिकरावांचा हात थांबला.

"थांबू नोका," देवका म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.